क्लायमेट क्लॉक : उलट्या मोजणीचे एक परीक्षण

हवामान बदलाविषयी लोकांना जागे करण्यासाठी आजवर जी साधने तयार झाली, त्यांत क्लायमेट क्लॉक हे बहुधा सर्वांत सोपे आणि सर्वांत आग्रही साधन आहे. संकेतस्थळ, मोबाइल ॲप, इतरांना आपल्या संकेतस्थळावर लावता येणारी पट्टी आणि सार्वजनिक ठिकाणचे मोठे फलक अशा रूपांत ते पाहायला मिळते. पाहणाऱ्याला त्यासाठी काहीही मोजावे लागत नाही. त्याचे मुख्य काम एकच आहे : औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत जागतिक तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसच्या आत रोखण्यासाठी किती अवधी उरला आहे, हे वर्षे, दिवस, तास, मिनिटे आणि सेकंदांत दाखवत राहणे. अशा साधनाचे परीक्षण करताना ते दिसते कसे, चालते कसे, हे पाहावेच लागते. तरी त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की पाहणाऱ्याच्या मनात एकदा धास्ती निर्माण झाल्यावर हे घड्याळ त्या धास्तीचे पुढे काय करते. माझ्या मते ते धास्ती उत्तम निर्माण करते आणि मग तिला वाऱ्यावर सोडून देते.

आधी दर्शनी रूपाविषयी. पट्टीच्या एका भागात लाल रंगात उरलेला अवधी धावत असतो आणि दुसऱ्या भागात त्याच्या जोडीला एक आशादायक आकडा असतो, ज्याला निर्मात्यांनी जीवनरेखा असे नाव दिले आहे. रचना नेटकी आहे, फापटपसारा नाही, जाहिराती नाहीत. नजर मात्र पहिल्या क्षणापासून सेकंदांच्या आकड्यावर खिळते, कारण डोळ्यांदेखत हलणारी सर्वांत ठळक गोष्ट तीच असते. वर्षांचा आकडा, ज्यात सगळा मुद्दा आहे, तो डाव्या टोकाला ढिम्म उभा असतो आणि वर्षातून एकदाच, २२ जुलैच्या सुमारास, एकाने खाली येतो. रचनाकारांनी अगदी जाणीवपूर्वक सेकंदांना हे स्थान दिले असणार, कारण सेकंद दिसल्याशिवाय निकड जाणवत नाही. परंतु थोडा वेळ पट्टी उघडी ठेवून इतर काम करू लागले, की त्याच सेकंदांची सवय होते आणि ते भिंतीवरच्या पंख्याइतकेच दिसेनासे होतात. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण सेकंदासेकंदाने मरणाऱ्या मुदतीलाही तंतोतंत लागू पडते.

या घड्याळाची सुरुवात मोठी नाट्यमय होती. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर १९९९पासून ‘मेट्रोनोम’ नावाची कलाकृती आहे आणि तिच्यात पंधरा अंकांचे एक भलेमोठे डिजिटल घड्याळ आहे. १९ सप्टेंबर २०२० रोजी गॅन गोलन आणि अँड्र्यू बॉइड या दोघा कलाकारांच्या पुढाकाराने त्या अंकांवर दिवसाची वेळ दाखवायचे थांबवून पृथ्वीची मुदत दाखवायला सुरुवात झाली. त्या दिवशी मुदत होती सात वर्षे आणि शंभराहून थोडे अधिक दिवस. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील मंडळींनी २०१५मध्येच असे एक घड्याळ केले होते आणि बर्लिनच्या मर्केटर संशोधन संस्थेचे कार्बन घड्याळही होते, ज्याच्या हिशेबावर युनियन स्क्वेअरचे घड्याळ उभे राहिले. तरीही रहदारीच्या चौकात, कोणी न मागता, सर्वांच्या डोक्यावर हा आकडा टांगण्याचे श्रेय गोलन आणि बॉइड यांचेच आहे.

आता हिशेबाकडे वळू, कारण या साधनाचे बळ आणि त्याचा कच्चा दुवा ही दोन्ही तिथेच सापडतात. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, ऑगस्ट २०२१च्या अहवालात उरलेल्या कार्बन बजेटचे कोष्टक दिले. तापमानवाढ १.५ अंशांवर थांबण्याची शक्यता ६७ टक्के हवी असेल, तर २०२०च्या आरंभापासून पुढे, कायमचे मिळून, सुमारे ४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडता येईल, असे ते कोष्टक सांगते. जगाचे वार्षिक उत्सर्जन ४२ अब्ज टनांच्या आसपास धरले, तर हे बजेट साधारण साडेनऊ वर्षे पुरते आणि २०२९च्या मध्यावर संपते. घड्याळाची सध्याची अखेरची तारीख जुलै २०२९मध्ये पडते ती यामुळे. इथपर्यंत सगळे स्वच्छ आहे आणि शाळकरी मुलालाही पडताळून पाहता येईल इतके सोपे आहे. हा या साधनाचा मोठा गुण मी मानतो, कारण हवामानशास्त्रातील फारच थोड्या गोष्टी एका भागाकारात मांडता येतात.

परंतु त्याच कोष्टकात शेजारच्या रकान्यांत इतरही आकडे आहेत. शक्यता ५० टक्क्यांवर आणली, तर बजेट ५०० अब्ज टन होते आणि मुदत २०३१च्या अखेरीपर्यंत लांबते. शक्यता ८३ टक्के हवी असेल, तर ३०० अब्ज टनच उरतात आणि मुदत २०२७च्या पूर्वार्धातच संपते. म्हणजे किती जोखीम पत्करायची, हा मुळात माणसांनी आपसांत ठरवण्याचा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरानुसार तारीख पावणेपाच वर्षांनी मागे-पुढे होते. शिवाय हे बजेट फक्त कार्बन डायऑक्साइडचे आहे. मिथेन आणि इतर घटकांचे पुढे काय होईल, यावर ते २२० अब्ज टनांनी किंवा त्याहूनही अधिक वरखाली होऊ शकते, हे त्याच कोष्टकाखाली लिहिलेले आहे, आणि २२० अब्ज टन म्हणजे सध्याच्या वेगाने पाच वर्षांचे उत्सर्जन. ज्या हिशेबात पाच-पाच वर्षांची अनिश्चितता आहे, त्याचे उत्तर सेकंदांत दाखवणे हा अचूकपणाचा आभास आहे. घड्याळाच्या तोंडावर यातले काहीच येत नाही. ६७ टक्के म्हणजे तीनपैकी एका वेळी हा हिशेब फसू शकतो, एवढे एक वाक्य तरी लाल आकड्यांखाली मावले असते.

आणखी एक अडचण अशी, की ही तारीख हलते. पहिल्या दिवशी भिंतीवर झळकलेली मुदत २०२८च्या आरंभी संपणार होती. नंतर ती पुढे सरकली आणि अखेर जुलै २०२९वर आली. या काळात, कोविडच्या वर्षातील तात्पुरती घट सोडली, तर जगाचे उत्सर्जन काही खाली आले नव्हते. नवे अंदाज आले की तारीख बदलणे शास्त्राच्या दृष्टीने योग्यच आहे, किंबहुना न बदलणे अयोग्य ठरले असते. परंतु चौकातून जाणाऱ्या माणसाला दिसले ते एवढेच, की कोणी काही न करता मुदत दीड वर्षाने वाढली. ‘लांडगा आला रे आला’ या ओरडीचे जे होते, तेच अशा मुदतींचे होण्याचा धोका असतो. गंमत अशी, की अलीकडचे हिशेब नेमके उलट्या दिशेला गेले आहेत. जून २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शास्त्रज्ञांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या वार्षिक आढाव्यानुसार ५० टक्के शक्यतेसाठीसुद्धा २०२५च्या आरंभी अवघे १३० अब्ज टन उरले होते, म्हणजे तीन वर्षांहून थोडे अधिक. तेव्हा हे घड्याळ उगाच घाबरवते अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी ध्यानात घ्यावे की या हिशेबाने पाहिले तर ते मागेच पडलेले आहे.

मुदत संपल्यावर काय, या प्रश्नावर हे साधन सर्वांत दुबळे ठरते. उलटी मोजणी पाहणाऱ्याच्या मनात शून्यापाशी स्फोट असतो. तशी सवय आपल्याला अवकाशयानांनी आणि चित्रपटांनी लावली आहे. प्रत्यक्षात शून्याच्या सकाळी काहीही घडणार नाही. आयपीसीसीच्या अंदाजानुसार दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे पृथ्वीचे तापमान सुमारे ०.४५ अंशाने वाढते. म्हणजे सध्याच्या वेगाने एका वर्षाच्या उत्सर्जनाचा वाटा ०.०२ अंशाच्या जवळपास. हा कडा नव्हे, हा उतार आहे, आणि उतारावर कुठेही थांबले तरी त्याच्या खाली थांबण्यापेक्षा ते चांगलेच असते. प्रवाळांचेच पाहा : १.५ अंशाला उष्ण सागरांतील प्रवाळभित्तींचा ७० ते ९० टक्के ऱ्हास अपेक्षित आहे आणि २ अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक, असे आयपीसीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या विशेष अहवालात म्हटले आहे. या दोन आकड्यांमधला फरक घड्याळ शून्यावर आल्यानंतरही वाचवण्याजोगा आहे आणि घड्याळाला तो दाखवताच येत नाही, कारण त्याची भाषा ‘आहे किंवा नाही’, ‘वाचलो किंवा संपलो’, अशी आहे.

याच २०१८च्या अहवालाने मुदतीचे राजकारण कसे उलटते, याचा पाठ दिला होता. २०१०च्या तुलनेत २०३०पर्यंत उत्सर्जन सुमारे ४५ टक्क्यांनी घटवावे आणि शतकाच्या मध्यावर निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढे सोडले तेवढे शोषून घेतले जाईल अशा पातळीवर, आणावे, तर तापमानवाढ १.५ अंशांवर राखता येईल, असे अहवालाचे म्हणणे होते. जगभर ते पोहोचले ‘बारा वर्षे उरली’ या तीन शब्दांत. त्या तीन शब्दांनी असंख्य तरुण रस्त्यावर उतरले, हे खरे. परंतु त्याच शब्दांनी टवाळखोरांच्या हाती आयते कोलीत दिले आणि अनेक सालस माणसांना असे वाटू लागले, की बारा वर्षांनी सगळे संपणारच असेल तर आत्ता जिवाचा आटापिटा कशाला करायचा. सन २०२४ हे पूर्ण वर्ष औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंश अधिक उष्ण गेले, असे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले, तेव्हाही हाच गोंधळ दिसला. पॅरिस करारात देशांनी मान्य केलेली १.५ अंशांची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजली जाते, एकाच वर्षावर नव्हे; पण ज्यांनी १.५ला कडेलोटाची रेषा समजून ठेवले होते, त्यांच्यापैकी काही हताश झाले आणि काहींनी, बघा काही झाले का, असे म्हणून पाठ फिरवली.

भीतीचा डोस किती द्यावा, हा प्रश्न हवामान बदलापेक्षा जुना आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात इरविंग जॅनिस आणि सेमूर फेशबॅक यांनी १९५३मध्ये शाळेतील मुलांना दातांच्या निगेवर तीन प्रकारची व्याख्याने दिली. एकात किडलेल्या दातांची आणि सुजलेल्या हिरड्यांची भयंकर चित्रे होती, दुसरे मध्यम होते, तिसरे जवळपास भीतिरहित. सर्वाधिक धास्ती पहिल्या गटाला वाटली आणि सवयी सर्वाधिक बदलल्या तिसऱ्या गटाच्या. पुढच्या संशोधनाने हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून धरला नाही. भीती उपयोगी पडते, असेही अनेकदा आढळले. मात्र १९९२मध्ये किम विट यांनी मांडलेले सूत्र आजही कामाला येते. धोका मोठा दिसतो आणि त्यावर आपल्याला काही करता येईल असेही वाटते, तेव्हा माणूस धोक्याशी झुंजतो. धोका मोठा दिसतो पण हातात काही नाही असे वाटते, तेव्हा तो धोक्याऐवजी स्वतःच्या भीतीशी झुंजतो. म्हणजे विषय टाळतो, हसण्यावारी नेतो किंवा हे सगळे अतिरंजित आहे असे ठरवून मोकळा होतो. बाहेरून जी उदासीनता दिसते, तिच्यातली बरीचशी अशी दमलेली धास्ती असते, असे मला वाटते, आणि क्लायमेट क्लॉकला नेमके याच माणसाशी बोलता येत नाही.

याविषयी एक मोठा अभ्यास २०२४च्या आरंभी प्रसिद्ध झाला. ६३ देशांतील सुमारे ५९,००० लोकांवर हवामानविषयक आवाहनाच्या अकरा निरनिराळ्या पद्धती त्यात तपासण्यात आल्या. सर्वनाशाचे चित्र रंगवणाऱ्या मजकुराने लोक ती माहिती समाजमाध्यमांवर पुढे पाठवण्यास अधिक तयार झाले, इतर पद्धतींपेक्षाही अधिक. पण झाडे लावली जावीत म्हणून थोडे कंटाळवाणे काम करण्याची वेळ आली, तेव्हा त्याच मजकुराने त्यांचा उत्साह घटवला. क्लायमेट क्लॉकचे यश आणि अपयश या दोन वाक्यांत मावते. लाल आकड्यांचे छायाचित्र पुढे पाठवायला क्षण लागतो, ते उत्तम दिसते आणि पाठवल्यावर काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

निर्मात्यांना याची कल्पना नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण जीवनरेखा हा दुसरा भाग त्यांनी पट्टीत घातला तो याच विचाराने. प्रमुख जीवनरेखा आहे ती जगाच्या एकूण ऊर्जेतील अक्षय ऊर्जेच्या वाट्याची. दशांशचिन्हापुढे लांबलचक अंक असलेली ही टक्केवारी हळूहळू वर चढताना दिसते आणि तिच्याकडे जवळून पाहणे हा मोठा बोधप्रद अनुभव आहे. शेवटचे अंक झरझर फिरत असतात आणि पूर्णांक जागचा हलत नाही. डावीकडे सेकंद घटताना जेवढी निकड वाटते, तेवढाच उजवीकडे अक्षय ऊर्जा वाढताना कंटाळा येतो, आणि हे कोणाला हवे होते असे मला वाटत नाही. शिवाय एकूण ऊर्जेचा आकडा घेतल्याने चित्र जरुरीपेक्षा फिके होते. वाहने, भट्ट्या, घरे तापवणे अशा सगळ्या ऊर्जेत अक्षय स्रोतांचा वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास आहे. पण नुसत्या विजेत तो २०२४मध्ये सुमारे ३२ टक्क्यांवर गेला आणि अणुऊर्जा धरून कार्बनमुक्त वीज ४० टक्क्यांच्या पुढे गेली. बदल सर्वांत वेगाने जिथे घडतो आहे, तोच आकडा नजरेआड ठेवायचा, याला काय म्हणावे? आदिवासी समूहांनी राखलेली जमीन, हरित हवामान निधी, संसदांतील स्त्रियांचा वाटा अशाही जीवनरेखा आहेत. त्यांची निवड वैचारिकदृष्ट्या समर्थनीय आहे, मात्र त्यांचा वरच्या मुदतीशी नेमका संबंध काय, हे पट्टीवरून कोणालाही कळणार नाही.

इतर साधनांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. रीडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या निळ्या-तांबड्या तापमानपट्ट्यांत (एक पट्टी म्हणजे एका वर्षाचे तापमान) एकही अंक नाही, मुदत नाही, आणि तरी त्या पाहिल्यावर काय झाले आहे हे विसरता येत नाही. हवाईतील मौना लोआ पर्वतावर १९५८पासून चाललेल्या, हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीचा आलेख रोजच्या रोज पाहता येतो. तेव्हा दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग असलेला कार्बन डायऑक्साइड मे २०२५च्या मासिक सरासरीत ४३०च्या पलीकडे गेला, हे वाक्य कोणत्याही उलट्या मोजणीपेक्षा मला अधिक गंभीर वाटते, कारण ते घडून गेलेल्या गोष्टीविषयी आहे आणि त्यात वाद घालायला जागा नाही. अणुशास्त्रज्ञांच्या पत्रिकेचे १९४७पासूनचे प्रलयघड्याळ निव्वळ प्रतीकात्मक असूनही एका बाबतीत सरस आहे : त्याचा काटा मागेही जातो. १९९१मध्ये तो, प्रलयाची खूण मानलेल्या मध्यरात्रीपासून, सतरा मिनिटे दूर नेण्यात आला होता, आणि माणसांच्या निर्णयांनी काटा मागे जातो हे लोकांनी पाहिले. उत्सर्जन घटले तर क्लायमेट क्लॉकची मुदतही लांबायला हवी, हिशेबात तशी सोय आहेच, परंतु पाहणाऱ्याला ती कुठे दिसत नाही.

या सगळ्यांत मला सर्वाधिक उपयुक्त वाटते ते एन-रोड्स. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह, एमआयटी स्लोन आणि व्हेंटाना सिस्टिम्स या संस्थांनी तयार केलेले हे अनुकरणयंत्र (सिम्युलेटर) २०१९च्या अखेरीपासून ब्राउझरवर मोफत चालते. कोळशावर कर, विजेवरची वाहने, इमारतींची ऊर्जाबचत, जंगलतोड, मिथेन अशा पट्ट्या बोटाने सरकवायच्या आणि २१००चे तापमान किती उतरते ते तत्क्षणी पाहायचे. वृक्षारोपणाची पट्टी टोकापर्यंत ओढूनही तापमान जेमतेम हलते, आणि कार्बनची किंमत वाढवली की ठळकपणे हलते, हे एकदा आपल्या हाताने केले की लांबलचक भाषणाची गरज उरत नाही. कोणतीही एक पट्टी पुरत नाही, हेही तिथे आपोआप उमगते. अर्थात एन-रोड्ससमोर निवांत बसावे लागते, आणि चौकातल्या भिंतीवर ते लावता येत नाही.

तरीही या सर्व साधनांत एक आकडा नाही, आणि क्लायमेट क्लॉकमध्ये त्याची उणीव सर्वांत जास्त जाणवते. तो आकडा माणसांचा. फेब्रुवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात १२५ देशांतील सुमारे १,३०,००० लोकांना विचारले गेले, की हवामान बदल रोखण्यासाठी तुम्ही दरमहा उत्पन्नाचा एक टक्का द्याल का. ६९ टक्के लोकांनी होकार दिला. मग त्यांना विचारले, की तुमच्या देशातील किती लोक होकार देतील असे वाटते. उत्तरांची सरासरी आली ४३ टक्के. सरकारने अधिक काही करावे, असे ८९ टक्क्यांना वाटत होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने त्याच वर्षी ७७ देशांत घेतलेल्या मतचाचणीतही ८० टक्के लोकांनी आपल्या देशाने अधिक कणखर पावले उचलावीत असे म्हटले. मी एकटाच काळजी करतो आहे, बाकीच्यांना काही पडलेली नाही, असे बहुतेकांना वाटते. त्यामुळे बहुतेक गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याचाच पुरावा धरून पुढचा माणूस गप्प बसतो. ज्याला आपण सार्वजनिक उदासीनता म्हणतो, तिचा मोठा भाग अशा चुकीच्या अंदाजावर उभा आहे.

असे असताना लोकांना जागे करण्यासाठी वेळ दाखवणे हा उपाय मुळातच चुकलेल्या निदानावर बेतलेला वाटतो. धास्तीची टंचाई नाही. येल आणि जॉर्ज मेसन विद्यापीठांच्या अभ्यासकांनी अमेरिकन जनतेचे धास्तावलेल्यांपासून थेट नाकारणाऱ्यांपर्यंत सहा गट पाडले आहेत, आणि अलीकडच्या पाहण्यांत नाकारणारे साधारण दहातले एक, तर धास्तावलेले चारातले एक भरतात. घड्याळ या सहाही गटांना एकच तोंड दाखवते. नाकारणारा त्याकडे पाहून चेष्टा करतो, धास्तावलेल्याला त्यातून नवे काही मिळत नाही, आणि मधले जे बहुसंख्य लोक आहेत, ज्यांना थोडी काळजी आहे आणि बरेच अवघडलेपण आहे, त्यांना हवे असते ते शेजारचाही याच विचारात आहे असे कळणे. क्लायमेट क्लॉकच्या पट्टीवर शेजारी कुठेच नाही. तिथे पृथ्वी आहे, अवधी आहे, टक्केवारी आहे.

वापराच्या दृष्टीने पाहता साधनाविषयी फारशी तक्रार नाही. पट्टी हलकी आहे, लावायला सोपी आहे आणि ज्यांना हौस आहे त्यांना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरून आपले स्वतःचे घड्याळही घडवता येते. मोबाइलच्या मुख्य पडद्यावर ते ठेवू नये, असे मी सुचवीन. सवय होऊन ते दिसेनासे होण्यासाठी तीच सर्वांत अनुकूल जागा आहे. जिथे निर्णय होतात आणि वेळेवर होत नाहीत, अशा सभागृहात ते लावणे अधिक सार्थ ठरेल, कारण मुदत ज्यांना पाळायची आहे त्यांच्यासमोरच ती टांगलेली बरी. वर्गात वापरायचे असेल, तर शिक्षकाने ४०० भागिले ४२ हा भागाकार फळ्यावर करून दाखवावा, मग ६७च्या जागी ५० आणि ८३ टक्क्यांचे बजेट घालून मुलांकडून तारीख पुन्हा काढून घ्यावी. एवढ्या अर्ध्या तासात घड्याळाची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा मुलांच्या हाती येते.

पुढच्या आवृत्तीकडून माझी अपेक्षा साधी आहे. सेकंद काढून टाकावेत, लाल आकड्यांखाली शक्यतेची टक्केवारी लिहावी, एकूण ऊर्जेच्या जोडीला विजेचा आकडा द्यावा आणि लोकांचा एक आकडा तिसऱ्या ओळीत आणावा : किती जणांना बदल हवा आहे, आणि किती जणांना तसे वाटते असा लोकांचा समज आहे. निर्मात्यांची वाट पाहण्याचे तसे कारणही नाही. पट्टी कोणालाही आपल्या संकेतस्थळावर लावता येते, आणि तिच्याखाली स्वतःची एक ओळ, ६९ आणि ४३ हे दोन आकडे घालून, आजही लिहिता येते.